उजवा लाइट

बमरोली, सुरत
१२ जानेवारी १९९७

चि. भिकन यास,
अ. उ. आ.

त्या दिवशी सकाळी नळाला पाणी उशिरा आलं म्हणून मी चिडलेली होते. हंडे भरले, पिंप अर्धंच राहिलं. भाकरी थापल्या, वांगं भाजलं, सोनालीची वेणी घातली, टिकल्या चिकटवून झालेल्या साड्यांचं गाठोडं बांधलं. तुझे दादा बाहेर ओल्या कागदाने टेम्पोची काच पुसत होते. फडक्याने पुसली की रेघा राहतात, हे त्यांचं म्हणणं तुला पाठ असेल. मी म्हणाले की हे गाठोडं मार्केटला पोचवायचंय, बसने धक्के खात जाण्यापेक्षा तुमच्या शेजारी बसते. ते म्हणाले की बस, पण गाणं म्हणायचं नाही. असा तो दिवस होता, रोजच्यासारखा. त्यात पुढचं काहीही दिसत नव्हतं.

हे तुला आज लिहायचं कारण तुझं दिवाळीचं पत्र. मी ते महिनाभर डब्यात ठेवलं, कारण लगेच उत्तर लिहिलं असतं तर जे लिहू नये ते लिहिलं असतं. त्या एका पत्रात तू दोन गोष्टी लिहिल्यास. एक, की मस्कतमध्ये असा अपघात झालाच नसता, तिकडे माणसांना पुढच्या गाडीचा लाइट वाचता येतो आणि आपल्या सुरतच्या ड्रायव्हरांना येत नाही. दोन, की कोर्टात उभी राहिले की ट्रकने लाइट दिला नव्हता असं मी सांगावं. भिकन, लाइट नव्हता तर तुझ्या भावाने तो वाचायचा कसा? दोन्हीपैकी एक काहीतरी धर.

जे घडलं ते पुन्हा लिहिते, म्हणजे तू विसरलास असं म्हणायला नको. पांडेसराहून उधन्याकडे जाताना जे सर्कल लागतं, त्याच्या अलीकडे आमच्या पुढे ट्रक होता. त्याने उजवा लाइट लावला. मागून एक जीप आली आणि ट्रकच्या उजव्या अंगाने निघून गेली. म्हणजे ट्रकवाल्याने तिला साइड दिली. आपल्या रस्त्यावर पुढच्याने उजवा लाइट लावला की तो मागच्याला सांगतो, समोर मोकळं आहे, काढ पुढे. तुला गाडी शिकवली तेव्हा दादांनी हेच शिकवलं होतं. जीप गेल्यावर लाइट विझला. सर्कलच्या तोंडाशी तो परत लागला. तुझ्या दादांनी हॉर्न दिला आणि टेम्पो उजवीकडून काढला. पण या वेळी त्या ट्रकला सर्कलला वळसा घालून उजवीकडे, कामरेजच्या रस्त्याला लागायचं होतं. तो आमच्या अंगावर आला. डावीकडे ट्रक, उजवीकडे सर्कलचा कठडा. टेम्पो कठड्यावर चढला आणि उजव्या अंगावर पडला. ते खाली, मी त्यांच्यावर. ते गेले, माझं मनगट मोडलं.

दवाखान्यात पोलीस आले तेव्हा माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. तुमचा बाबुराव, चुलतभाऊ असून सख्ख्याच्या वर हुशारी करणारा, उशाशी उभा राहून सांगत होता की ट्रकवाल्याने लाइट न देता गाडी घातली. हवालदाराने ते लिहिलं आणि डाव्या हाताचा माझा अंगठा घेतला. त्यावर ट्रकचा ड्रायव्हर, तो छगन, आरोपी झाला. आता मे महिन्यात मला साक्षीला बोलावलंय. सरकारी वकील एवढंच विचारणार आहे की लाइट होता की नव्हता.

होता.

सोनाली दहावीला बसते आहे, तिचा नमस्कार. तुझ्या मनात माझ्याबद्दल किती लोभ उरला आहे ते मला ठाऊक नाही. माझा अजून शिल्लक आहे, म्हणून एवढं लांब लिहिलं.

सरला


मस्कत
३ फेब्रुवारी १९९७

तीर्थरूप सरलावहिनी यांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र गावाकडून सुट्टी संपवून आलेल्या माणसाने आणून दिलं. त्याच्यासमोरच फोडलं, ते चुकलं. तो लोणच्याची बरणीही घेऊन आला होता आणि माझ्या तोंडाकडे बघून ती न देताच जायला निघाला.

मी दादाला अडाणी म्हणालो नाही. मी आपल्या रस्त्याला अडाणी म्हणालो. इथे सर्कलला राउंडअबाउट म्हणतात. मध्ये एवढी मोठी सुरई नाहीतर होडी उभी केलेली असते, की आपली बमरोलीची खोली आत बसेल. गाड्या आपल्या उलट, रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, म्हणून सर्कललाही उलट्या बाजूने फिरतात. जो आत फिरतो आहे त्याचा मान पहिला. बाहेरच्याने थांबायचं, मग तो कितीही मोठ्या गाडीत बसलेला असो. पुरा वळसा घालायचा तर डावा लाइट, बाहेर पडायचं तर उजवा. हॉर्न नाही, हात नाही, शिव्या नाहीत. मला पहिलं वर्षभर वाटायचं की इथल्या गाड्यांमध्ये माणसं नाहीतच.

हे शिकायला मला काय पडलं ते तुम्हाला माहीत आहे. लायसनच्या परीक्षेत राउंडअबाउटजवळ पुढच्या गाडीने डावा लाइट दिला. इथे ओव्हरटेक डावीकडून करतात, म्हणून मी समजलो साइड दिली, आणि काढली पुढे. शेजारी बसलेला पोलीस अरबीत काय म्हणाला ते मी आजवर कोणाला विचारलेलं नाही. दादाला हे लिहिलं होतं तेव्हा तो जेवता जेवता हसून ठसकला, असं तुम्हीच कळवलं होतं.

मी ज्या इंग्रज साहेबाची गाडी चालवतो त्याच्या देशात तर आणखी वेगळं. सर्कल आपल्यासारखंच डावीकडून शिरायचं, पण समोरच्याने हेडलाइट मिचकावला म्हणजे तो म्हणतो, आधी तुम्ही जा. आपल्याकडे मिचकावला म्हणजे, मी येतोय, थांब. साहेब नवा होता तेव्हा स्वतः गाडी चालवायची त्याला हौस. एका पेशावरी ड्रायव्हरने त्याला लाइट मिचकावला. साहेब हात वर करून आभार मानत पुढे गेला आणि गाडीचं नाक गेलं. दोघं उन्हात उभे राहून एकमेकांना खरंच कळत नसल्यासारखे बघत होते. तेव्हापासून गाडी मी चालवतो.

आता कोर्टाचं. लाइट होता हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. पण कोर्टात तुम्ही ‘होता’ म्हणालात की छगन सुटला आणि चूक दादाची ठरली. गावी आपल्या मायला मी पहिल्या दिवसापासून सांगितलंय की ट्रकने लाइट न देता मारलं. त्याच्यावर ती उठते, बसते, भाकरी खाते. आणि अंगठा तर तुम्ही आधीच दिलेला आहे, नवीन काही करायचं नाही. एक शब्द बोलायचा, नव्हता. तुम्ही पुस्तकं वाचता म्हणून प्रत्येक गोष्ट पुस्तकासारखी शेवटच्या पानापर्यंत नेलीच पाहिजे असं तुम्हाला वाटतं. घर असं चालत नाही, वहिनी.

सोनालीला आशीर्वाद, तिला गणिताची वही दाखवत जा म्हणावं. माझं काही टोचलं असेल तर ते धाकटा म्हणून सोडा, आणि शिव्या घालायला का होईना, पण उत्तर पाठवा.

आपला दीर
भिकन


बमरोली, सुरत
२४ फेब्रुवारी १९९७

चि. भिकन यास,
आशीर्वाद.

आधी पाकिटाचं. माझ्या नावामागे तू गं. भा. लिहिलंस. माझ्याबरोबर टिकल्या चिकटवणाऱ्या बायकांनी ते पाकीट हातोहात माझ्यापर्यंत आणलं, प्रत्येकीने वाचून. मी विधवा आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे, मस्कतहून शिक्का मारून कळवायची गरज नव्हती. पुढच्या वेळी नुसतं सरलाबाई लिही.

आरटीओच्या बाहेर गाडी चालवायच्या नियमांचं गुजराती पुस्तक मिळतं, ते मी आणून वाचलं. शाळेत मी चौथीपर्यंत, तीही मराठी. गुजराती मी दुकानांच्या आणि बसच्या पाट्यांवरून शिकले, त्यामुळे वेळ लागला. त्यात असं आहे की मागच्याला पुढे जाऊ द्यायचं तर उजवा हात बाहेर काढून मागून पुढे हलवायचा. उजवा लाइट लावला तर त्याचा अर्थ उजवीकडे वळणं. साइड देण्यासाठी लाइट लावावा असं कुठेही नाही. म्हणजे पुस्तक तुझ्या बाजूचं आहे. मी ते तुझ्यापासून लपवत नाही.

पण मग मी मंगळवारी त्या सर्कलवर जाऊन उभी राहिले. जवळच्या पानाच्या टपरीला टेकून सकाळ काढली. भिकन, हात कोणीही बाहेर काढत नाही. हातात विडी असते, नाहीतर खिडकीला जाळी असते. बस, ट्रक, टेम्पो, सगळे त्याच लाइटने साइड देतात आणि त्याच लाइटने वळतात. पानवाला मला म्हणाला की मासी, इथे लाइट बघायचा नसतो, ड्रायव्हरचं तोंड बघायचं असतं, त्यावरून कळतं तो कुठे जाणार. मी म्हणाले की ट्रकच्या मागून त्याचं तोंड कसं दिसणार. तो म्हणाला की म्हणूनच मी पान विकतो, गाडी चालवत नाही.

तुझ्या इंग्रज साहेबाने गाडीचं नाक फोडून घेतलं तर तू म्हणतोस, त्याच्या देशाची रीत वेगळी. पेशावरच्याची रीत वेगळी. तू स्वतः परीक्षेत चुकलास तर ती हसायची गोष्ट. फक्त तुझा भाऊ मेला तेव्हा तो रस्ता अडाणी. ज्या रस्त्यावर तो वीस वर्षं चालला त्या रस्त्याची रीत त्याने पाळली, असं तुला एकदाही लिहावंसं वाटलं नाही.

छगनची दया येते म्हणून मी हे करते आहे असं समजू नकोस. मागच्या तारखेला तो कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्यासमोर आला आणि म्हणाला की तुमचा माणूस माझ्या गाडीच्या पोटात घुसला, मी काय करणार. पश्चात्ताप नाही, नजर खाली नाही. तो तुरुंगात गेला तर मी दोन घास जास्त खाईन. पण वळताना आरसा बघितला नाही म्हणून जाऊ दे. लाइट दिला नाही म्हणून नको, कारण तो त्याने दिला.

तू म्हणतोस की एकच शब्द आहे. तो एवढा हलका असेल तर सुट्टी काढून ये आणि तूच बोल.

सोनालीची गणिताची वही मी बघते. मला त्यातलं अर्धं कळतं, ती बाकीचं मला शिकवते. रागातही खुशाली विचारायची आपली पद्धत आहे, म्हणून विचारते: जेवणखाण वेळेवर करतोस ना?

सरला


दोंडाईचा
१९ मार्च १९९७

प्रिय सरलावहिनीस,
स. न. वि. वि.

तुम्ही दोघांनी टपालखात्याला श्रीमंत करायचं ठरवलेलं दिसतंय. भिकनचं पत्र मला, तुझं त्याला, त्याचा फोन बाबुरावदादाला, आणि मधल्यामध्ये मी, सगळ्यांची बहीण. आमचे हे म्हणतात की तुझ्या माहेरच्यांना भांडायला समुद्रही आडवा येत नाही.

मागच्या आठवड्यात मायकडे राहून आले. तिचे डोळे फार उतरलेत. दिवसभर ओट्यावर बसते. कोणीही आलं, भांडी विकणारा आला, आरोग्याची बाई आली, की सुरू करते. लाइट बी नही दिधा आनि मन्हा आंडोरले मारी टाकं, लाइट न देता पोराला मारलं, हेच. येणारा मान हलवतो, ट्रकवाल्याला शिव्या घालतो, मग ती गप्प होते. थोड्या वेळाने पुढचा माणूस आला की परत. मी बघत बसले होते. तिला त्या शिव्या ऐकायच्या असतात गं. त्याच्याने तिला दुपारी झोप लागते.

मला ती सारखी विचारते की सरला कोर्टात कधी उभी राहणार. तू तिथे त्या माणसाला चांगलं धरणार आहेस असं तिने मनाशी पक्कं केलंय. गावात सांगते की मन्ही बहू वाचणारी आहे, वकिलाला ऐकणार नाही. तुझं एवढं कौतुक तिने तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून पहिल्यांदाच केलेलं मी ऐकलं.

वहिनी, लाइट होता की नव्हता ते मला सांगू नकोस. मला कळून घ्यायचं नाही. माझा एक भाऊ गेला, दुसऱ्याशी भांडायची माझ्यात ताकद नाही. पण मायला कळलं की बन्सीदादा स्वतःच्या चुकीने गेला, तर ती त्या ओट्यावरून उठणार नाही, एवढं मी तुला सांगते. तू कशीही साक्ष दे, मी तुझ्याशी बोलणं सोडणार नाही. माय सोडेल.

आखाजीला, अक्षय तृतीयेच्या दिवशी, दादाच्या नावाची घागर भरायची आहे. मागच्या वर्षी तुझा हात बरा नव्हता, मीच भरली होती. या वर्षी तू ये. सोनालीलाही आण, तोवर आंबे होतील.

पत्राला उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण मनातून काढू नकोस.

तुझी नणंद
शोभा


मस्कत
१० एप्रिल १९९७

सरलाबाई,

तुला नुसतं नाव हवं होतं ना, घे.

बाबुरावने फोनवर सांगितलं की तू सरकारी वकिलाला गाठून लाइट होता असं सांगून आलीस. तो म्हणे तुझ्यावर ओरडला की मग जबाबावर अंगठा कशाला दिला. तुला लाज वाटली नाही. मला इथे वाटली.

मी दादाला खांदा दिला नाही. माझा पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता आणि मालक दुबईला गेलेला होता. मी तीन दिवस त्या कपाटासमोर जाऊन उभा राहायचो. मी दादाचा चेहरा बघितला नाही. मला फक्त एक गोष्ट करता आली, मायला फोनवर दोन वाक्यं सांगायची, ज्यांच्यावर ती जगेल. ती तू कोर्टात उभं राहून पुसणार.

तू त्याच्या शेजारी बसलेली होतीस. तुझं मनगट गेलं, त्याचं सगळं गेलं. तुलाही दोन डोळे होते. सर्कल दिसत होतं, ट्रक दिसत होता. तुला थांबा म्हणता आलं नाही? पुस्तकात वाचायला तुला सगळं सुचतं. तू वाचलीस, बाई. आता जो वाचला नाही त्याच्याबद्दल जरा विचार कर.

आपल्या गावातली अर्धी पोरं दादाने स्टिअरिंगला बसवली. मी त्यातलाच. आज कोणी सुरतला, कोणी नाशिकला, मी इथे, त्याच्या हाताखाली शिकून पोट भरतो. तू त्याला लाइट न कळणारा ठरवणार, सरकारी कागदावर, कायमचा.

म्हणून लिहून ठेवतो. कोर्टात ‘होता’ म्हणालीस तर आखाजीची घागर तुझ्या हातची नको. मी मायला पत्र टाकीन की तुझ्या सुनेने तुझ्या मुलाला मारणारा सोडवला. ते पत्र मास्तर तिला वाचून दाखवेल. मग त्या दारात ये आणि ती काय म्हणते ते ऐक.

लोभाचं काही लिहीत नाही. उरला असता तर लिहिलं असतं.

भिकन


बमरोली, सुरत
२४ एप्रिल १९९७

भिकन,

लग्न होऊन आले त्या दिवसापासून तू मला ‘तुम्ही’ म्हणत आलास. आता ‘तू’ म्हणायला लागलास, ते मी लक्षात ठेवलंय. या वेळी मीही आशीर्वाद लिहिलेला नाही, ते तूही ठेव.

हो, मी वाचले. हे मला कोणीतरी एकदा तोंडावर म्हणणार हे मला ठाऊक होतं. गावातली एखादी म्हातारी म्हणेल असं वाटलं होतं. रिक्षात बसले की मी पुढे बघत नाही. पुढच्या गाडीचा लाइट लुकलुकायला लागला की मी मांडीवरच्या पिशवीकडे बघते आणि तो विझेपर्यंत तशीच बसते. हे तुझी दया यावी म्हणून लिहीत नाही. तू विचारलंस म्हणून सांगते. मी त्यांना थांबा म्हणाले नाही, कारण थांबण्यासारखं काही नव्हतं. पुढच्याने साइड दिली होती. तू बसला असतास तर तूही गप्प बसला असतास.

आता तू ज्याचा विचार केलेला नाहीस ते ऐक. मी सांगितलं की लाइट नव्हता, तर काय होतं? छगन अडकतो, ठीक आहे. पण तुझा भाऊ कोण ठरतो? पुढचा ट्रक वळतोय की सरळ चाललाय, काही खूण नाही, आणि हा माणूस सर्कलच्या तोंडाशी, शेजारी बायको बसलेली असताना, त्याच्या उजवीकडून घुसतो. हे असं कोण करतं, भिकन? दारू प्यालेला करतो. नवशिका करतो. ज्याला मरायचं आहे तो करतो. तुझ्या दादांनी खूण मिळाल्याशिवाय एकाही गाडीला मागे टाकलेलं मी बघितलेलं नाही. मागे लागलेले लोक हॉर्न वाजवून वाजवून थकायचे, बैलगाडी हाकतोस का म्हणायचे, हे काचेतून हात हलवायचे. त्यांनी त्या दिवशी टेम्पो काढला, कारण लाइट होता. तो लाइट तू त्यांच्यापुढून काढून घेतलास तर जो उरतो तो तुझा भाऊ नाही आणि माझा नवरा नाही. तसला माणूस मी सरकारी कागदावर लिहू देणार नाही.

तू मायला तेच सांगितलंस. ती बिचारी रोज ओट्यावर बसून सगळ्या गावाला स्वतःच्या नकळत सांगते आहे की माझा मुलगा आंधळा होता.

तारीख पाच मेची आहे. तुला काय पत्र टाकायचं ते टाक.

सरला


बमरोली, सुरत
१४ मे १९९७

चि. भिकन यास,
आशीर्वाद लिहिते आहे. दादांच्या धाकट्या भावाला आहे, तुला पटला तर तू घे.

पाच तारखेला कोर्टात माझा पुकारा दुपारनंतर झाला. सरकारी वकील माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता, कारण मी काय बोलणार ते त्याला आधीच सांगितलं होतं. त्याने विचारलं की ट्रकने लाइट दिला होता का. मी म्हणाले, दिला होता. मग त्याने तो जबाब वाचून दाखवला आणि विचारलं की अंगठा तुमचाच का. मी म्हणाले की अंगठा माझा, शब्द बाबुरावचे. त्यावर तो जज्जला म्हणाला की साक्षीदार फितूर झालेली आहे. तो शब्द मला कळला. मी मागे वळून बघितलं तर बाबुराव बाकावरून उठून दाराकडे चालला होता.

मग छगनचा वकील उठला, अगदी गोड. बेन म्हणाला, बेसो म्हणाला, पाणी हवं का विचारलं. त्याने म्हटलं की म्हणजे ट्रकने वळण्याची खूण दिली आणि तुमच्या पतीने ती पाळली नाही, असंच ना. मी म्हणाले, नाही. त्याच लाइटने त्याने जरा आधी जीपला साइड दिली होती आणि जीप गेली होती. आम्हालाही साइडच दिली असं आम्ही समजलो. त्याला वळायचं होतं तर वळताना त्याने आरसा बघायचा. वकिलाचा गोडवा तिथेच संपला. तो म्हणाला की विचारलं तेवढंच बोला. जज्जने त्याला थांबवलं आणि मला विचारलं की साइड म्हणजे काय ते सांगा. भिकन, त्या खोलीत असं एकही माणूस नव्हतं ज्याला साइड म्हणजे काय माहीत नाही. दारातला शिपाई हसला. जज्जसाहेब रोज ज्या गाडीने येतात तिचा ड्रायव्हरही तोच लाइट लावत असणार. पण मी सांगितलं, कोणी अरबस्तानातून आलाय असं समजून, पहिल्यापासून. ते ऐकून त्यांनी टायपिस्टला काहीतरी सांगितलं. त्याने किती उतरवलं ते मला दिसलं नाही. निकाल पुढे कधीतरी लागेल. वकील म्हणतात की छगन सुटेल. मलाही तसंच वाटतं.

व्हरांड्यात छगन हात जोडून पुढे आला. त्याची बायको पाया पडायला वाकली. मी तिला वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं. त्याला म्हणाले की हात जोडू नको, आरसा बघत जा. एवढंच. त्याच्या तोंडावर मला जे बघायचं होतं ते या वेळीही दिसलं नाही. मग मी वाट बघायची सोडून दिली.

बाहेर बाबुराव एसटीडीच्या बूथमध्ये काचेच्या आत उभा होता, एक कान दाबून. मस्कतला बोलत होता हे मला कळलं. तू त्याच दिवशी पत्र टाकणार हेही कळलं. तुला वाटलं असेल की मी आता घाबरून सुरतमध्येच बसेन, आखाजी जाऊ देईन, आणि मास्तर ते पत्र ओट्यावर बसून सगळ्या गल्लीदेखत मायला वाचून दाखवेल.

सोनालीचा नमस्कार. तिला गावी नेलं नाही, तिच्यासमोर मला ते नको होतं. माझा राग गेलेला नाही, तुझाही गेला नसेल. पत्र लिहायला तो आड येऊ देऊ नकोस.

साक्षीच्या दुसऱ्या दिवशी मी उधन्याहून भुसावळ पॅसेंजर पकडली, नरडाण्याला उतरले, गावापर्यंत चालत गेले आणि तुझं पत्र पोचायच्या आधी मायच्या समोर जमिनीवर बसून तिला सांगितलं की लाइट होता.

सरला